टोयोटा : धागा तुटला की थांबणारा माग आणि आमच्या घरच्या दोन गाड्या

मागकरी (इचलकरंजी)

आमच्या इचलकरंजीत कुणी ‘टोयोटा घेतली’ म्हणालं की समोरचा विचारतो, ‘गाडी की लूम?’ गावातल्या एअरजेटच्या (हवेच्या झोताने विणणाऱ्या मागांच्या) शेडमध्ये मागांच्या अंगावर हेच नाव दिसतं. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून खटाखट हाच आमचा श्वास. आमच्या घरात तीन पिढ्या माग चालले. त्यामुळे या कंपनीचा इतिहास मला गाडीकडून नाही, मागाकडून कळत गेला, आणि तसाच इथे सांगतो.

साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. जन्म १८६७, जपानच्या शिझुओका प्रांतातल्या एका खेड्यात. त्याची आई हातमागावर विणायची. तिचे कष्ट बघत त्याने आधी लाकडी हातमाग सुधारला (१८९१ चं पेटंट), मग यंत्रमाग केला, आणि १९२४ साली ‘जी टाइप’ स्वयंचलित माग. त्यात दोन गोष्टी होत्या. आडव्या धाग्याची कांडी संपत आली की माग न थांबता धोटा (ती कांडी घेऊन आरपार धावणारा) बदलायचा. आणि धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. प्रत्येक उभ्या धाग्यावर लोखंडाची बारीक पट्टी लटकते. धागा तुटला की ती खाली पडते आणि माग बंद. ऐकायला साधं वाटेल. पण ज्याने साध्या मागावर पाळी केली आहे त्याला विचारा. तुटलेला धागा दिसला नाही तर माग विणतच राहतो, आणि हातभर कापड डागी निघाल्यावर लक्षात येतं. म्हणून डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं आणि फार तर चार-सहा माग सांभाळायचे. साकिचीच्या मागाने एका कामगाराला तीस-तीस माग बघता येऊ लागले.

१९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. मागाच्या धंद्यातच साकिचीचा मुलगा किइचिरो मोटारीच्या मागे लागला. १९३३ मध्ये माग कारखान्यातच मोटार विभाग निघाला, १९३५ मध्ये पहिला ट्रक, १९३६ मध्ये ‘एए’ ही पहिली मोटार, आणि १९३७ मध्ये वेगळी कंपनी. आडनाव टोयोडा असून नाव टोयोटा का, तर जपानी लिपीत ‘टोयोटा’ आठ फटकाऱ्यांत लिहून होतं आणि आठ हा त्यांच्याकडे शुभ आकडा.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. १९५० साली कंपनी बुडायला आली. सुमारे १,६०० कामगार कमी करायचं ठरलं, संप झाला आणि त्याची जबाबदारी घेऊन किइचिरोने अध्यक्षपद सोडलं. त्याच महिन्यात कोरियाचं युद्ध पेटलं, अमेरिकन सैन्याच्या ट्रकच्या ऑर्डरी आल्या आणि कंपनी वाचली. किइचिरो मात्र १९५२ च्या मार्चमध्ये गेला. आपण लावलेलं झाड त्याला बघता आलं नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

१९५७ मध्ये त्यांनी ‘क्राउन’ अमेरिकेत नेली. जपानच्या खडबडीत रस्त्यांवर टिकणारी ही गाडी तिथल्या हायवेच्या वेगाला पुरी पडेना, तापायला लागली. १९६० मध्ये त्यांनी तिची निर्यात बंद केली, आणि नवी ‘कोरोना’ घेऊन काही वर्षांनी परत गेले. धागा तुटला, माग थांबवला, गाठ मारली, पुन्हा चालू केला. मला या कंपनीत आवडतं ते हेच.

आता आमची गाडी. टोयोटाने १९७७ मध्ये इंडोनेशियासाठी ‘किजांग’ काढली. किजांग म्हणजे भेकर. तिसऱ्या पिढीचं ते भेकर जानेवारी २००० मध्ये भारतात ‘क्वालिस’ म्हणून आलं. कारखाना बंगळुरूजवळ बिडदीला, भागीदार किर्लोस्कर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरवायला वर्षं घालवली. त्यांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोटाला इथे आणलं. आणि गाड्यांच्याही आधी, १९९५ मध्ये, या दोघांची पहिली भागीदारी झाली ती सूतकताईच्या यंत्रांची!

बाबांनी २००२ मध्ये क्वालिस घेतली. मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, चौकोनी अंग, २.४ लिटरचं डिझेल. दुसऱ्याच वर्षी मे महिन्यात गणपतीपुळ्याहून परत येत होतो. गाडीत नऊ माणसं, दोन आंब्याच्या पेट्या. साखरप्याकडून आंबा घाट चढताना बाबांनी एकदम गाडी कडेला घेतली. आम्हाला काही कळेना, गाडी तर छान ओढत होती. बाबांनी काट्याकडे बोट दाखवलं. तापमानाचा काटा रोज निम्म्याच्या जरा खाली असायचा, तो निम्म्याच्या दोन बोटं वर गेला होता. एवढंच. काका म्हणाले, ‘अरे, वर मलकापूरला बघू की.’ बाबा म्हणाले, ‘धागा तुटलाय दादा. आता जेवढं विणशील तेवढं डागी.’

चाळीस मिनिटं बॉनेट उघडून बसलो. रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही म्हणून बाबांनी मला दटावलं. गार झाल्यावर फडकं धरून झाकण सोडलं, तर पाणी बरंच खाली. खालच्या होजची पट्टी सैल होती. आठवड्यापूर्वी गावातल्या एका गॅरेजात काम झालं होतं, तिथे ती आवळायची राहिली होती. बाबांनी पट्टी आवळली, पिण्याचे दोन्ही कॅन आत ओतले, आणि आम्ही मलकापुरात चहा प्यायलो. तसंच दामटलं असतं तर इंजिनाचं हेड गेलं असतं.

ती क्वालिस अजून दारात आहे. २०११ ची इनोव्हाही आहे. तुमचे अनुभव लिहा, टोयोटा कुठलीही असो.

---

सारथी (नाशिक)

मागकरी दादा, बाबांना माझा नमस्कार सांगा. माझा धंदा गाडीचा. २०१४ ची इनोव्हा, आज ४ लाख ८० हजार किलोमीटर. शिर्डी, त्र्यंबक, वणी, शनिशिंगणापूर हा रोजचा फेरा.

लोक म्हणतात इनोव्हाला काही होत नाही. मी म्हणतो, इनोव्हाला तुम्ही काही होऊ दिलं नाही तर होत नाही. मी ऑइल दहा हजारांच्या आतच बदलतो. डिझेल दोन ठरावीक पंपांवरच घेतो. एकदा रात्री आडरस्त्यावरच्या पंपावर टाकी भरली, सकाळी फिल्टरमध्ये पाणी. तेव्हापासून पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचं पाणी दर पंधरा दिवसांनी स्वतः सोडतो.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. जुन्या अडीच लिटर इनोव्हात टायमिंग बेल्ट आहे, साखळी नाही. बेल्ट तुटला तर पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात, इंजिन खलास. म्हणून डॅशवर ‘टी-बेल्ट’ असा वेगळा दिवा दिलाय. तो लागला की बेल्ट बदलायचा, सोबत टेन्शनर बदलायचा. काही जण विकायच्या वेळी बेल्ट न बदलता नुसता दिवा घालवून देतात. जुनी गाडी घेणाऱ्याने बेल्टची पावती मागायची. पावती नसेल तर बेल्ट जुनाच आहे असं धरायचं आणि घेतल्या दिवशी बदलायचा.

---

प्राजक्त_नागोया

मी मालेगावची, गेली सहा वर्षं नागोयात. धागा वाचून राहवलं नाही.

इथे साकिचीच्या १९११ च्या कारखान्याच्या जागेवर टोयोटाचं संग्रहालय आहे, लाल विटांच्या जुन्या शेडमध्ये. आत शिरल्यावर समोर मोटार नसते. साकिचीचा गोल विणणारा माग असतो, १९०६ च्या कल्पनेतला. मोटारी पुढच्या इमारतीत. आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेले. तिथली मुलगी जी टाइप माग चालवून दाखवते. आवाज सुरू झाला आणि बाबा जागेवरच थांबले, म्हणाले, ‘हा तर आपल्या गल्लीचा आवाज.’ मग तिने चालू मागाचा एक उभा धागा बोटांनी तोडला. टक् असा आवाज आणि माग गप्प. बाबांनी तिला खुणेने विचारलं, पुन्हा कराल का? तिने तीन वेळा करून दाखवलं. चाळीस वर्षं साध्या मागावर उभा राहिलेला माणूस, डोळे भरून आले होते त्यांचे. म्हणाले, ‘शंभर वर्षांपूर्वी हे होतं? आमचे डोळे उगाच गेले मग.’

---

मस्कतकर

मूळ रत्नागिरी, मुक्काम मस्कत, २००३ पासून. आखातात टोयोटावर वेगळं काय लिहू, इथे ती हवापाण्यासारखी आहे. केशरी-पांढऱ्या टॅक्सीत बसलात तर बहुतेकदा कोरोलाच. डोंगरात आणि वाळूत गेलात तर लँड क्रूझर आणि हायलक्स.

लँड क्रूझरची सुरुवात १९५१ च्या ‘बीजे’ जीपपासून. त्याच वर्षी फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत ती चालवत नेली होती. नाव १९५४ ला बदललं. माझ्याकडे आधी २००६ ची कोरोला होती, आता प्राडो. कोरोला मी विकली तेव्हा ३ लाख १० हजार झाले होते, घेणाऱ्या ओमानी गृहस्थांनी फक्त एसी लावून बघितला. उन्हाळ्यात इथे तोच इंजिनाइतका महत्त्वाचा.

---

चाकण_पाळी

धागा सुंदर आहे, पण एक बाजू राहतेय म्हणून लिहितो. मी चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. जिडोका, कानबान (लागेल तेवढाच माल मागवायची चिठ्ठी), पोका-योके (चूक होऊच नये अशी सोय), अँडॉन (अडचण दाखवणारा दिवा) हे शब्द आमच्याकडे चहाइतके रोजचे. जिडोका म्हणजे मागकरींनी सांगितलेला तोच तुटलेला धागा. टोयोटाच्या लाइनवर दोरी असते. कुठल्याही कामगाराला काही चुकतंय असं वाटलं तर ती ओढायची. टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या वेळात सुटलं नाही तर लाइन थांबते. दोरी ओढली म्हणून कुणी रागवत नाही, आणि हीच सगळ्यात अवघड गोष्ट आहे. आमच्याकडे दोरी लावायला आठ दिवस लागले. पोरांनी ती न घाबरता ओढावी यासाठी दोन वर्षं गेली.

पण हीच कंपनी दोरी ओढायला चुकलीही आहे. २००९-१० मध्ये अमेरिकेत गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी आल्या. पायाखालचे मॅट अडकणं आणि अ‍ॅक्सिलरेटर पेडल चिकटणं यासाठी लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २४ फेब्रुवारी २०१० ला अकिओ टोयोडा, किइचिरोचे नातू, अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बसले. आमची वाढ फार वेगाने झाली असावी, असं त्यांनी कबूल केलं. २०१४ मध्ये ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल १२० कोटी डॉलरचा दंड भरला.

आणि जानेवारी २०२४. डिझेल इंजिनांच्या प्रमाणपत्र चाचणीत ताकदीचे आकडे सपाट दिसावेत म्हणून वेगळं सॉफ्टवेअर वापरल्याचं उघड झालं. आपल्याकडच्या इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, हायलक्सची रवानगी काही दिवस थांबवली होती. ही गडबड कुठल्या कंपनीत झाली? टोयोटा इंडस्ट्रीज. म्हणजे साकिचीचा मूळ माग कारखाना. मला हे वाचून राग आला होता, कारण आम्ही त्यांच्याकडे बघून शिकलो.

---

मागकरी (इचलकरंजी)

चाकण_पाळी, तुम्ही लिहिलंत ते बरं केलं. मलाही ती बातमी वाचून लागलं होतं. जिगणीत, बंगळुरूच्या बाजूला, जिथे किर्लोस्करांसोबत सूतकताईची यंत्रं सुरू झाली तिथेच पुढे क्रिस्टाची इंजिनं बनू लागली. म्हणजे माग, सूत, इंजिन सगळं एकाच घरातलं. थांबायला शिकवणारं घर थांबलं नाही, याला बचाव नाही. गाड्या थांबवून तपासल्या, एवढंच त्यांच्या बाजूने म्हणेन.

प्राजक्तताई, तुमच्या बाबांचं वाक्य मी माझ्या बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

---

घाटवळण

इतिहास मान्य, पण आता भारतातली टोयोटा उरली किती? कोरोला बंद, इटिऑस बंद, यारिस आली आणि गेली. ग्लान्झा म्हणजे मारुतीची बलेनोच. शोरूममध्ये जाऊन बोधचिन्ह बदललेली मारुती घ्यायची, तर मारुतीच का नको? माझी २०१२ ची इटिऑस मी जपून ठेवलीय, कारण तशी साधी, हलकी, भरपूर डिकीची गाडी पुन्हा मिळणार नाही.

---

मागकरी (इचलकरंजी)

घाटवळण, इटिऑसबद्दल सहमत. डिकीत आमचे कापडाचे तागे आडवे मावायचे, एवढी मोकळी.

पण सुझुकीला परकी म्हणू नका. मिचिओ सुझुकींनी १९०९ मध्ये हमामात्सुला काय सुरू केलं? मागाचा कारखाना! साकिचीचं गाव तिथून जवळच, त्याच शिझुओकात. दोन्ही घराणी मागाकडून मोटारीकडे आली आणि शंभर वर्षांनी भारतात एकमेकांच्या गाड्या बनवायला लागली. टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा दोन्ही बिडदीतून निघतात, मारुतीची इन्व्हिक्टो म्हणजे इनोव्हा हायक्रॉस. मला ही सोयरीक वाटते. अर्थात तुम्ही पैसे मोजून कोरोला मागत असाल आणि ती मिळत नसेल, तर तुमची तक्रार रास्तच.

---

नवा_चालक (सातारा)

नमस्कार. घरात आई-वडील, दोन मुलं, सासूबाई. २०१२ ची इनोव्हा बघितलीय सांगलीत, १ लाख ६२ हजार झालेत, एकच मालक. रंग चकाचक. घ्यावी का? सारथी दादांनी बेल्टचं सांगितलंच आहे, आणखी काय बघू?

---

सारथी (नाशिक)

भाऊ, रंग बघू नका, गाडी खालून बघा. फ्रेमवरची गाडी आहे, त्यामुळे जोराचा अपघात झाला असेल तर वेल्डिंगची खूण फ्रेमवर सापडते. सकाळी थंड इंजिन स्वतः चालू करा, आधी गरम करून ठेवलेली गाडी बघायची नाही. मधल्या आणि मागच्या सीटवर बसून खड्ड्यातून चालवायला लावा. साध्या कारची सवय असलेल्याला हिची मागची सीट जास्त उसळते असं वाटतं, सासूबाईंना तिथे बसवणार असाल तर आधी बसवूनच बघा.

---

मागकरी (इचलकरंजी)

नवा_चालक, गाडी सांगलीची म्हणालात म्हणून एक लिहितो. हे मी आजवर कुणाला सविस्तर सांगितलं नाही.

ऑगस्ट २०१९ चा पूर. पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही पात्राबाहेर, शिरोलीजवळ हायवे बंद. मी रात्री इनोव्हा घेऊन हातकणंगल्याहून परतत होतो. ओढ्यावर पाणी होतं. रोजचा रस्ता, पाणी गुडघाभर असेल, निघून जाऊ असं वाटलं. मध्यावर गेल्यावर पाणी बॉनेटला लागलं आणि इंजिन बंद पडलं.

तिथे उतरून गाडी ढकलून काढायची होती. आंबा घाटात चाळीस मिनिटं बसलेला मुलगा मीच. पण अंधार, वाहतं पाणी, बायको शेजारी. मी चावी फिरवली. एकदा. मग पुन्हा. दुसऱ्या वेळी आतून ठक्क असा आवाज आला, लोखंडावर हातोडी बसल्यासारखा. हवेसोबत पाणी आत ओढलं गेलं होतं, आणि पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकला.

इंजिन पूर्ण उघडावं लागलं. बाबा गॅरेजात आले, वाकलेला रॉड हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, ‘माग थांबला होता रे. तू का चालू केलास?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

म्हणून सांगतो. पुराच्या पट्ट्यातली गाडी असेल तर गालिचा उचलून बघा, सीटच्या रुळांना गंज आहे का बघा, आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून बघा. गालिचा धुतात, बदलतात. गुंडाळलेला बेल्ट धुवायचं कुणाच्या ध्यानात येत नाही.

---

नवा_चालक (सातारा)

सांगलीला जाऊन आलो. गालिचा नवा होता, मालक म्हणाले हौसेने बदललाय. इंजिन गुळगुळीत. टी-बेल्टचा दिवा बंद, पावती नाही. सीटचे रूळ रंगवलेले. मग मधल्या सीटचा पट्टा पूर्ण ओढला. शेवटच्या वीतभर भागावर मातकट रेघ होती आणि बोट फिरवल्यावर हाताला वाळूसारखं लागलं. मालकांनाही दाखवलं. ते म्हणाले, त्यांनी ती २०२० मध्ये घेतली. म्हणजे एकच मालक हेही खरं नव्हतं.

गाडी घेतली नाही. शोध चालू आहे. सातारा-कोल्हापूर-पुणे भागात कुणाच्या घरची, बेल्टच्या पावतीसकट इनोव्हा निघत असेल तर इथेच कळवा. सासूबाईंनी मागच्या सीटवर बसून बघितलं, त्यांना चालतंय.